डॅम्पिंग रोज वेगळं येतंय? फिल्मला दोष देण्याआधी हे तपासा

संध्याकाळी सहाच्या सुमारास मॅग्नेटचं थंड पाणी बंद करायला मी उठते, आणि लॅबच्या दारातून हमखास एक वाक्य ऐकू येतं. ‘ताई, परमॅलॉयचं डॅम्पिंग आज पुन्हा ०.०१६ आलं. काल ०.००८ होतं.’ चिप तीच, केबल त्याच, माणूस तोच. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडी भीती असते आणि थोडी आशाही, की आपल्या हातून काहीतरी नवं सापडलं असावं. अजून तरी तसं झालेलं नाही. हे दुखणं मी इतक्या वेळा बघितलंय की नाडी हातात घ्यायच्या आधीच निदान तोंडावर येतं, आणि कधीकधी तेच चुकतं. म्हणून एकदा क्रमानं लिहून ठेवते.

फेरोमॅग्नेटिक रेझोनन्स, म्हणजे एफएमआर (चुंबकीय क्षेत्रातल्या फिल्मनं ठरावीक वारंवारितेचे मायक्रोवेव्ह शोषणं), वापरून पातळ फिल्मचं गिल्बर्ट डॅम्पिंग, म्हणजे हललेलं चुंबकन (मॅग्नेटायझेशन) किती लवकर शांत होतं याचा आकडा (आपला अल्फा), काढणाऱ्यांसाठी हे आहे. उदाहरण आमचंच घेते: सिलिकॉनवर २० नॅनोमीटर परमॅलॉय, साधारण ८० टक्के निकेल आणि २० टक्के लोखंड. चिप पाच मिलिमीटरची, तोंड खाली करून कोप्लेनर वेव्हगाइडवर (मायक्रोवेव्ह वाहून नेणाऱ्या सपाट पट्टीवर) पिवळ्या पॉलिइमाइड टेपनं चिकटवलेली. क्षेत्र फिल्मच्या पातळीत.

आपण मोजतो काय

क्षेत्रापासून जरा ढकललेलं चुंबकन थेट मागे येत नाही, ते क्षेत्राभोवती गरागरा फिरत फिरत येतं. भोवऱ्याची आठवण होते, पण शेवट उलटा. जाळी गुंडाळून फेकलेला भोवरा मरायला आला की झोकांड्या वाढतात आणि तो आडवा होतो. चुंबकनाची ऊर्जा गेली की झोकांड्या कमी होतात आणि ते क्षेत्राच्या दिशेला शांत उभं राहतं. आमच्या फिल्ममध्ये १० गिगाहर्ट्झला हे शांत होणं सुमारे एका नॅनोसेकंदात होतं, म्हणजे जेमतेम डझनभर फेऱ्यांत. ऊर्जा इलेक्ट्रॉनांच्या स्पिनकडून त्यांच्या कक्षीय गतीमार्फत जालकाकडे, म्हणजे अणूंच्या सांगाड्याकडे, जाते आणि उष्णता होते.

लँडाऊ आणि लिफ्शिट्झ यांनी या गतीचं समीकरण १९३५ मध्ये मांडलं. त्यात डॅम्पिंग जितकं वाढवाल तितकं चुंबकन जलद वळतं, कितीही वाढवा. हे पटण्यासारखं नव्हतं. १९५५ मध्ये गिल्बर्टनं तोच भाग घट्ट तेलातल्या घर्षणासारखा लिहिला, म्हणजे फार घट्ट केलं की हालचाल मंदावते. अल्फा ०.०१ च्या आसपास असताना दोन्हींतला फरक दहा हजारांत एक एवढाच, त्यामुळे तुमची गडबड तिथून आलेली नाही हे नक्की.

गडबड येते ती एका साध्या गोष्टीतून. अल्फा कुठल्याच मीटरवर दिसत नाही. आपण मोजतो शोषणरेषेची रुंदी, म्हणजे लाइनविड्थ. ती वेगवेगळ्या वारंवारितांना मोजून आलेख काढायचा; सरळ रेषेचा चढ अल्फा देतो आणि शून्य वारंवारितेवरचा छेद फिल्ममधली असमानता. रुंदी आणि डॅम्पिंग यांच्यामध्ये एवढा जिना आहे, आणि पाय त्याच्या प्रत्येक पायरीवर घसरतो.

नेमकं दुप्पट आलं तर

०.००८ चं ०.०१६. नेमकं दुप्पट. निसर्ग इतका गोल आकड्यांत बोलत नाही. आमच्याकडे पास होऊन गेलेल्या दोन सिनियरांच्या दोन फिटिंग स्क्रिप्ट होत्या, दोन्हींच्या नावात ‘फायनल’. एकीत लोरेंट्झियनची (रेझोनन्सच्या घंटेसारख्या वक्राची) रुंदी अर्ध्या उंचीवरची पूर्ण रुंदी होती, दुसरीत तिच्या निम्मी. पहिलीनं फिट केलं आणि दुसरीचं सूत्र लावलं की अल्फा दुप्पट.

परमॅलॉयसाठी चार आकडे पाठ असू द्या. त्याचा जायरोमॅग्नेटिक गुणोत्तराचा आकडा (दिलेल्या क्षेत्रात चुंबकन किती वेगानं फिरतं तो) टेस्लाला सुमारे २९.४ गिगाहर्ट्झ. अल्फा ०.००८ असेल तर पूर्ण रुंदी दर गिगाहर्ट्झला ०.५४ मिलिटेस्लानं वाढते. अर्धी रुंदी ०.२७ नं. आणि लॉक-इनवरून (बारीक सिग्नल गोंगाटातून उचलणाऱ्या अॅम्प्लिफायरवरून) अवकलित रेषा घेत असाल तर शिखर ते दरी हे अंतर ०.३१ नं, कारण पूर्ण रुंदीला ते अंतर तीनच्या वर्गमुळानं, म्हणजे १.७३ नं, भागून येतं.

०.२७ आणि ०.३१ किती जवळ आहेत बघा. शिखर-दरी अंतराला कुणी अर्धी रुंदी समजलं तर अल्फा फक्त १५ टक्क्यांनी जास्त येतो. दुप्पट आलेलं कुणालाही खुपतं. १५ टक्के मात्र ‘या वेळी डिपॉझिशनचा दाब जरा बदलला होता’ या खात्यात निमूट जमा होतात. एका मुलाचे तीन महिने त्यात गेले. स्पटरिंगचा दाब तो खालीवर करत राहिला, आणि चूक होती स्क्रिप्टच्या चाळिसाव्या ओळीत.

म्हणून पहिलं काम: आजच्या आकड्याला कालच्यानं भागा. भागाकार २, १.७३, १.१५ किंवा ६.२८ च्या जवळ आला तर मॅग्नेट बंद करा आणि कागद-पेन घ्या. ६.२८ म्हणजे २π कुठेतरी सुटला. एककांचंही तसंच. एक ओर्स्टेड म्हणजे ०.१ मिलिटेस्ला, पण एक किलोअँपिअर प्रति मीटर म्हणजे १.२५७ मिलिटेस्ला. जुने लेख ओर्स्टेडमध्ये, नवे टेस्लामध्ये, आणि काही मंडळी हट्टानं अँपिअरमध्ये लिहितात.

याच जातीची आणखी एक चूक व्हीएनए (व्हेक्टर नेटवर्क अॅनलायझर, मायक्रोवेव्ह मोजायचं यंत्र) वापरणारे करतात. क्षेत्र स्थिर ठेवून वारंवारिता फिरवली तर रुंदी गिगाहर्ट्झमध्ये येते, आणि तिचं सूत्रच वेगळं आहे. ती वारंवारितेबरोबर शून्याकडे जात नाही, कारण तिच्यात फिल्मचं परिणामी चुंबकन (पृष्ठभागाचा वगैरे परिणाम धरलेलं) आधीच बसलेलं असतं. आमच्या फिल्मला ११० मिलिटेस्लाला रेझोनन्स १० गिगाहर्ट्झच्या आसपास येतो आणि वारंवारितेतली पूर्ण रुंदी सुमारे ०.२७ गिगाहर्ट्झ. हिला क्षेत्र-रुंदीचं सूत्र लावलंत तर जो आकडा येईल त्याला काही अर्थ नसेल, पण तो दिसेल मात्र अगदी शहाण्यासारखा.

क्षेत्राचा अक्ष

रुंदीच्या आधी रेझोनन्सची जागा बघा. किटेलच्या सूत्रात (कुठल्या क्षेत्राला कुठल्या वारंवारितेचा रेझोनन्स येतो ते सांगणाऱ्या) बसवा आणि दोन आकडे काढा: जायरोमॅग्नेटिक गुणोत्तर आणि परिणामी चुंबकन. परमॅलॉयला २९ ते ३० गिगाहर्ट्झ प्रति टेस्ला आणि एक टेस्लाच्या जरा आत असं काही आलं पाहिजे. (या सूत्राचा जन्मही अशाच एका ‘काहीतरी चुकतंय’ मधून झाला. १९४६ मध्ये ऑक्सफर्डला ग्रिफिथ्सनं धातूंच्या फिल्ममध्ये हा रेझोनन्स पाहिला, तेव्हा वारंवारिता अपेक्षेच्या दोन ते सहा पट येत होती. उपकरण बरोबर होतं. फिल्मच्या स्वतःच्या विचुंबकन क्षेत्राचा हिशेब कुणी धरला नव्हता, तो किटेलनं धरला.)

आमच्याकडे एकदा हा आकडा ३२ आला. बघितलं तर क्षेत्र मोजणारा हॉल प्रोब दुहेरी टेपनं पोलला चिकटवलेला, आणि पुण्यातल्या मे महिन्यात टेपचा डिंक मऊ होऊन प्रोब बोटभर खाली सरकलेला. तिथलं क्षेत्र नमुन्याजवळच्या क्षेत्रापेक्षा आठ टक्क्यांनी कमी. गंमत अशी की या चुकीनं अल्फा बिघडेलच असं नाही. रुंदीही आठ टक्के कमी मोजली जाते आणि फिटमधून आलेलं गुणोत्तर तेवढंच फुगतं. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. पण तुम्ही गुणोत्तराच्या जागी पुस्तकातलं २९.४ घट्ट बसवलं असेल तर अल्फा आठ टक्क्यांनी खाली. एकाच डेटावरून दोन मुलींनी दोन वेगळी उत्तरं काढली आणि दोघींचं गणित बरोबर होतं, त्या दिवशी हे आमच्या लक्षात आलं.

मॅग्नेटच्या लोखंडात उरलेलं दोन-तीन मिलिटेस्ला क्षेत्र ही वेगळी भानगड. त्यानं रेषा नुसती सरकते, रुंदीला धक्का लागत नाही. क्षेत्र धन आणि ऋण दोन्हीकडे फिरवून सरासरी घ्या, की तो प्रश्न मिटला.

मॉड्युलेशनचा मोह

लॉक-इनवर सिग्नल बारीक दिसला की हात आपोआप मॉड्युलेशनच्या, म्हणजे क्षेत्राला दिलेल्या लहानशा झोक्याच्या, नॉबकडे जातो. सिग्नल झकास वर येतो, आणि अरुंद रेषा फुगतात. ५ गिगाहर्ट्झला आपली शिखर-दरी रुंदी दीड-दोन मिलिटेस्ला. तिथे मॉड्युलेशनचा झोका एक मिलिटेस्ला असेल तर तुम्ही रेषा मोजत नाही, आपलाच झोका मोजता. २० गिगाहर्ट्झला रेषा सहा मिलिटेस्लाच्या पुढे गेलेली असते, तिला त्याचं काही नाही. परिणाम असा, की आलेखाचं डावं टोक वर उचललं जातं, चढ कमी होतो, छेद वाढतो. म्हणजे अल्फा खोटाच कमी येतो, आणि कमी डॅम्पिंग सगळ्यांना हवंच असतं, त्यामुळे कुणी तक्रार करत नाही.

झोका सगळ्यात अरुंद रेषेच्या पाचव्या हिश्शात ठेवा. शंका आली तर तो निम्मा करून तीच रेषा पुन्हा घ्या. रुंदी हलली नाही तर पुढे चला. मायक्रोवेव्ह पॉवरचीही अशीच परीक्षा: १० डेसिबलनं उतरवा. रुंदी बदलली तर तुम्ही चुंबकनाला इतकं जोरात झोडपताय की एकसंध फिरण्याऐवजी त्याच्या आत लहान लहान स्पिनलहरी उठतायत. सूलनं १९५७ मध्ये या अस्थिरतेचा हिशेब मांडला. डॅम्पिंग कमी असलेल्या गार्नेटमध्ये (चुंबकीय ऑक्साइड स्फटिकांत) ती फार लवकर गाठते, परमॅलॉयमध्ये सहसा नाही.

रेषा तिरकी दिसत असेल, एक कुबड मोठं आणि एक लहान, तर शोषण आणि विस्कळन (डिस्पर्शन) यांची भेसळ झालेली आहे. केबलमधल्या फेजमुळे ती होतेच. फिटमध्ये सममित आणि विषमसममित असे दोन्ही भाग ठेवा. नुसत्या सममित फिटनं तिरक्या रेषेची रुंदी काढू नका, एवढंच.

सरळ रेषा खरंच सरळ आहे का

आता जे सांगते त्यात मी स्वतः सगळ्यात जास्त वेळा फसलेय.

रुंदीतला सगळाच भाग ऊर्जेच्या नाशाचा नसतो. गणपतीच्या मिरवणुकीत पन्नास ढोल एका ठेक्यात सुरू होतात. पथक लांबलचक असेल आणि मागच्यांचा ठेका केसभर वेगळा असेल तर थोड्याच वेळात सगळा आवाज कालवला जातो. पण दमलेलं कुणीच नसतं, हात तेवढ्याच जोरात चालू असतात. फिल्ममध्ये जागोजागी जाडी, ताण, कणांची दिशा जरा जरा वेगळी असते, म्हणून प्रत्येक तुकड्याचा रेझोनन्स जरा वेगळ्या क्षेत्राला येतो आणि बेरीज रुंद दिसते. हा भाग वारंवारितेनं वाढत नाही, तो छेदात जातो. म्हणून एकाच वारंवारितेची रुंदी घेऊन, ‘९.८ गिगाहर्ट्झला इतकी आली, भागिले इतकं’ असं करून, अल्फा काढू नका. आमच्या चांगल्या चिपला छेद अर्धा मिलिटेस्ला आहे, एका वाईट चिपला चार. चढ दोघींचा एकच.

इथवर सोपं आहे. त्रास देतात ते मधलेच: दोन-मॅग्नॉन विखुरणं. फिल्मच्या पृष्ठभागावरच्या खाचखळग्यांवर आपटून एकसंध फेर मोडतो आणि त्याच वारंवारितेच्या, पण लहान तरंगलांबीच्या स्पिनलहरी निघतात. ऊर्जा अजून चुंबकनातच आहे, फक्त आपल्याला दिसणाऱ्या फेऱ्यातून निसटली. याची रुंदी वारंवारितेबरोबर वाढते पण वाकत वाकत, आणि वर जाऊन जवळजवळ सपाट होते. तुमच्याकडे ४ ते १२ गिगाहर्ट्झचाच डेटा असेल तर तो वाकलेला तुकडा सरळच दिसतो, आणि अल्फा दीडपट, कधी दुपटीनंही जास्त निघतो.

ओळखायचं कसं? आधी उरलेल्या चुकांचा आलेख काढा, म्हणजे बिंदू वजा फिट. मधले बिंदू वर आणि दोन्ही टोकं खाली, असं पालथ्या वाटीसारखं दिसलं तर रेषा सरळ नाही. मग वारंवारिता शक्य तितकी वर न्या. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे क्षेत्र फिल्मला लंब लावणं, कारण चुंबकन लंब उभं राहिलं की एकसंध फेऱ्याला ऊर्जा द्यायला त्याच वारंवारितेची लहर सापडत नाही आणि ही वाट बंद होते. परमॅलॉयला १० गिगाहर्ट्झसाठी लंब दिशेनं सुमारे १.३ टेस्ला लागतात. आमच्या मॅग्नेटच्या पोलमधलं अंतर १२ मिलिमीटरवर आणलं तरच ते मिळतं, आणि तेवढ्या फटीत वेव्हगाइड, कनेक्टर आणि चिप घुसवताना दोन चिपांचे कोपरे मी स्वतः उडवलेत. तरी करा. आडव्या मापात ०.०११ आणि लंब मापात ०.००८ आलं तर फरक कुणाचा ते कळलं.

अगदी खालचे बिंदू, ३ गिगाहर्ट्झच्या आतले, मी बिनदिक्कत टाकून देते. रेझोनन्सचं क्षेत्र तिथे जेमतेम दहा मिलिटेस्ला असतं, फिल्म धड संपृक्त झाली आहे का याची खात्री नसते आणि रुंदी उगाच वर उसळते. पण किती टाकले ते वहीत लिहा. नाहीतर मनासारखा आकडा येईपर्यंत बिंदू टाकत राहायची सवय लागते.

आणि कधीकधी फिल्मच खरी बोलत असते

हे सगळं तपासून झाल्यावर एकदा ०.०११ आकडा हटेनाच. आडवं ०.०११, लंब ०.०११, छेद सुंदर. शेवटी चिपची डबी उलटी करून बघितली तर मार्करचा नंबर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलेला. ती चिप साधी नव्हतीच. तिच्यावर प्लॅटिनमचा थर होता, दुसऱ्या कुणाच्या प्रयोगासाठी घातलेला.

प्लॅटिनम हे चुंबकनासाठी गळकं भांडं आहे. फिरणारं चुंबकन शेजारच्या धातूत स्पिनचा प्रवाह ढकलतं आणि प्लॅटिनममधली जोरकस स्पिन-कक्षा जोडणी तो गिळून टाकते, परत येऊ देत नाही. याला स्पिन पंपिंग म्हणतात. गळती पृष्ठभागातून होते, म्हणून ती जाडीच्या व्यस्त प्रमाणात: २० नॅनोमीटर परमॅलॉयला साधारण ०.००३ ची भर, ५ नॅनोमीटरला ०.०१२ च्या घरात. म्हणजे पातळ फिल्मचा अल्फा ०.०२ आला तर घाबरू नका, वरचा थर कुठला ते आधी विचारा. मध्ये तांब्याचा पातळ थर घातल्यानं ही गळती फारशी थांबत नाही, तांबं स्पिनला वाट देतं. ऑक्साइडचा थर घातला तर थांबते. तीन-चार जाड्यांच्या फिल्म असतील तर अल्फा विरुद्ध एक भागिले जाडी असा आलेख काढा. छेद मिळेल तो फिल्मचा स्वतःचा.

जाड फिल्मची तऱ्हा उलटी. १०० नॅनोमीटरच्या पुढे धातूत फिरणारे भोवरे प्रवाह डोकं वर काढतात, आणि ते जाडीच्या वर्गानं वाढतात. शिवाय चुंबकन वेव्हगाइडमध्ये व्होल्टेज निर्माण करतं आणि थोडी ऊर्जा केबलमधून परत पाठवतं. फिल्म जितकी जाड आणि वेव्हगाइडला जितकी चिकटून, तितकं हे जास्त. तपासायला चिप आणि वेव्हगाइड यांच्यामध्ये सूक्ष्मदर्शकाची एक कव्हर स्लिप सरकवा. सिग्नल पडेल, पण अल्फाही खाली आला तर तो भाग फिल्मचा नव्हता, तुमच्या मांडणीचा होता.

सिम्युलेशनवाल्यांसाठी एकच गोष्ट, कारण तेही सहाच्या सुमारास येतात. सुरुवातीची अवस्था लवकर शांत व्हावी म्हणून अल्फा ०.५ ठेवता, ते ठीक. पुढे पल्स देऊन गती बघताना तो परत ०.००८ करायला विसरता. दोन फेऱ्यांत सगळं थंड झालं तर कोड उघडा.

आमच्या लॅबमध्ये आता खिडकीजवळच्या कपाटात एक चिप वेगळी ठेवलेली असते. डाव्या कोपऱ्याचा टवका गेलाय, म्हणून कुणी तिला दुसऱ्या कामासाठी मागत नाही. नवी मापं घ्यायच्या आधी ती लावायची: ५, १०, १५ आणि २० गिगाहर्ट्झ, चारच बिंदू, वीस मिनिटं. वहीत तारीख, गुणोत्तर, परिणामी चुंबकन, छेद आणि चढ, आणि पुढे कंसात ‘पूर्ण’, ‘अर्धी’ की ‘शिखर-दरी’. परवाच्या सोमवारी तिचा अल्फा ०.००८१ आला. त्याच दुपारी दारातून ‘ताई’ अशी हाक आली, तेव्हा मी फक्त वही पुढे केली.